साहेबांच्या घड्याळाचा नवा पट्टा

घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानाची पायरी चढायची, हे बाईंना पटण्यातलं नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढे दात मेणात एकेक करून बसवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या हातांना स्प्रिंगच्या दोन काड्या काय जड?

"अगं आई, महागडं घड्याळ आहे ते," मुलगा फोनवर म्हणाला होता. "ओरखडा गेला तर? दुकानात दे ना सरळ."

"तुझ्या बापाच्या तोंडात दात बसवले मी. घड्याळाला पट्टा नाही बसवता यायचा?"

"बरं बाई, तुझंच खरं. पण बदलच तो. मला बाबांचं घड्याळ हवंय, पण तो पट्टा... घामाचा वास मारतो गं त्याला. रविवारी येतोच आहे मी."

बाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत. दवाखान्यातून लोकांच्या तोंडांचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या आणि मग दात. कुणाचा कसा, कुठला जरा पुढे, कुठला किंचित वळलेला. गल्लीत सगळे त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत. "निम्म्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," असं त्या स्वतःच सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं.

साहेब म्हणजे त्यांचे यजमान. नदीवर पूल बांधणारे इंजिनिअर. लग्नानंतर बाईंनी थट्टेनं 'साहेब' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पहिला मोठा पूल पुरा झाला तेव्हा साहेबांनी हे घड्याळ घेतलं. पोलादी, पातळ, आत निळसर तबकडी. त्याला चावी द्यावी लागत नसे. हातावर असलं की हाताच्या हालचालीनं आतली स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची. काढून ठेवलं, तर दीड-दोन दिवसांत मुकाट्यानं थांबायचं.

म्हणूनच सोमवारी कामावरून आल्यावर बाईंनी ते कपाटाच्या खणातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांचा हात क्षणभर जागीच थबकला.

घड्याळ चालू होतं. वेळही बरोबर होती.

साहेबांना जाऊन महिना उलटून गेला होता.

बाई भाबड्या नव्हत्या. देवाचं नाव घेत, पण प्रत्येक गोष्ट देवावर ढकलत नसत. खण रोज दहादा उघडतो-मिटतो. त्यातच रुमाल, त्यातच चष्मा. तेवढ्या धक्क्यांवर चालत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं.

काम निगुतीचं होतं. लॅबमधलं बारीक पात्याचं हत्यार आणि चिमटा त्यांनी बरोबर आणला होता. घड्याळ पालथं ठेवून पातं पट्ट्याच्या मुळाशी सारलं, काडीचं टोक दाबलं. टक्कन आवाज झाला आणि जुना पट्टा एका बाजूनं सुटला. मग दुसऱ्या. पट्टा अडकतो त्या घड्याळाच्या कानांमध्ये साचलेला काळपट मळ त्यांनी काडीला कापूस गुंडाळून काढला. तो मळ म्हणजे साहेबच, असं एकदा वाटलं. डोळे भरून आले. कापूस टाकून दिला.

जुना पट्टा फडक्यावर तसाच गोल पडून होता. सोडवला तरी सरळ होईना, कुणाच्या तरी मनगटाभोवती असल्यासारखा. कडा चघळल्यासारख्या झाल्या होत्या. त्यात नवल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी साहेबांची उजवी बाजू गेली तेव्हापासून घड्याळ लावायचं ते दातांनीच. डावं मनगट छातीशी धरायचं, पट्ट्याचं टोक कवळीत पकडायचं आणि बक्कलातून ओढायचं.

"उजव्या हाताला बांधा की मग. डाव्या हातानं सहज लागेल," बाई म्हणाल्या होत्या.

साहेबांची जीभ तेव्हा जड झाली होती, शब्द वाटेत अडखळत. पण हे वाक्य त्यांनी पुरं केलं होतं. "मेलेल्या हातावर... चालतं घड्याळ... नको."

रोज सकाळी चहा निवेपर्यंत ती झटापट चाले. सुरुवातीला बाई पुढे होऊन लावून द्यायच्या. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई रागावल्या. "त्यांचं त्यांना करू द्या, बाई. तुम्ही हात लावलात की ते मागे पडतील." बाईंनी ते मनावर घेतलं. जीव तुटायचा, पण हात आवरून बसायच्या.

जुना पट्टा त्यांनी नीट पाहिलाही नाही. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. संध्याकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

नवा पट्टा तपकिरी, जाड, कोऱ्या चामड्याच्या वासाचा. बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण कोरा पट्टा पाठीच्या कण्यासारखा ताठ राहतो. त्याला गोलाई यावी म्हणून बाईंनी रुमालाची घट्ट गुंडाळी केली, तिच्याभोवती घड्याळ बांधलं, बक्कलाचा काटा अडकवला, उरलेलं टोक पट्ट्यावरच्या दोन्ही चामडी कड्यांतून पुढे सरकवलं आणि टेबलावर ठेवून दिलं. काटा कुठल्या भोकात घालायचा, हे हातांनीच ठरवलं. साहेबांच्या मापाचंच.

सकाळी पाहिलं, तर पट्टा एका कडीतून निसटला होता आणि तिथं चामडं ओलसर लागत होतं.

कोरं चामडं, उसळी मारायचंच. आणि खिडकीपाशी दव आलं असेल. बाईंनी पुसलं, टोक पुन्हा आत सारलं आणि लॅबला गेल्या.

परत आल्या तेव्हा संध्याकाळचं ऊन टेबलावर तिरपं आलं होतं. त्या उजेडात पट्ट्यावरचे खळगे स्पष्ट दिसले. वरच्या अंगाला चार, खालच्या अंगाला तीन, आणि वरच्यातला एक बाकीच्यांच्या ओळीत नव्हता. जरासा वळलेला.

बाई खुर्चीत बसल्या. ती साहेबांची खुर्ची आहे हे बसल्यावर लक्षात आलं, आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

पुढच्या सकाळी त्या घड्याळ रुमालात बांधून लॅबमध्ये घेऊन गेल्या. शेजारच्या टेबलावर चिनी मातीचे दात घडवणारी एक तरुण मुलगी बसे; तिला सगळे पोर्सेलीनवाली म्हणत. जीभ कात्रीसारखी, पण मनानं साफ.

"कुत्रं पाळलंत की काय, बाई?" पट्टा बघून ती हसली. "एवढं भारी घड्याळ आणि खायला दिलंत?"

"कुत्र्याचं वाटतं तुला?"

तिनं भिंग ओढलं. हसू थोडं ओसरलं. "नाही हो. माणसाचे दात आहेत. आणि..." तिनं पट्टा वळवून पाहिला. "आणि कवळीचे. दाब बघा ना, दोन्हीकडे कसा सारखा. कोण चावलं?"

फळीवरच्या मागच्या रांगेतून बाईंनी प्लास्टरचा एक साचा काढला, तोंडाचा वरचा आणि खालचा भाग, त्यावर नमुन्याचे दात बसवलेले. पोर्सेलीनवालीनं तो घेतला, पट्टा मध्ये धरला आणि हलक्या हातानं जबडा मिटवला. एकेक दात आपापल्या खळग्यात जाऊन बसला. वळलेलासुद्धा.

"अगदी फिट," ती म्हणाली. "कुणाचं आहे हे?"

मग तिनं साचा उलटा केला. तळाशी पेन्सिलीनं, बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'घरचा'.

तिनं साचा अलगद टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "ती कवळी घरीच असेल ना, बाई? कुणीतरी पोराबिरानं..."

"नाही गं. ती त्यांच्याबरोबर गेली. गाल बसलेले दिसू नयेत म्हणून मीच घातली होती तोंडात."

दिवसभर पोर्सेलीनवाली एकही विनोद करू शकली नाही.

बाईंना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. घरी जाताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तीच, जी महिनाभर घोळत होती.

शेवटच्या सकाळची.

त्या दिवशी बाई बाहेर पडायच्या घाईत होत्या. पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत. साहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात पुढे केला. मनगट वर, बाईंच्या दिशेनं. बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. बाईंना वाटलं, आज कंटाळा आलाय, लावून हवंय. व्यायामवाल्या ताई आठवल्या. हसून म्हणाल्या, "अहं. तुमचं तुम्ही, साहेब. मला फशी पाडू नका." आणि दार ओढून घेतलं.

दुपारी शेजारणीचा फोन आला.

एवढंच. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. पण दोन वर्षांत साहेबांनी एकदाच हात पुढे केला होता, आणि त्या हसून निघून गेल्या होत्या.

आता ते येत होते. रोज येऊन त्या ताठ नव्या पट्ट्याशी झगडत होते, आणि तो त्यांना लागत नव्हता. जुना, मऊ, सवयीचा पट्टा बायकोनं कचऱ्यात घातला होता. 'काय हे माझ्या हातून,' त्या पुटपुटल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी पट्ट्याला तेलाचं बोट लावून चोळलं. घड्याळ रुमालाच्या गुंडाळीवर बांधलं, काटा साहेबांच्या मापाच्या भोकात घातला, टोक दोन्ही कड्यांतून नीट पुढे ओढलं. मग घड्याळ साहेबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "घ्या. लावून दिलं. आता नका कष्ट घेऊ."

किती दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

सकाळी पट्ट्यावरचे खळगे दुप्पट झाले होते.

बाईंना वाटलं, सैल राहिला असेल. संध्याकाळी त्यांनी एक भोक पुढे बांधला. दुसऱ्या सकाळी चामड्याची कड फाटून आतला पांढुरका थर दिसत होता, आणि रुमाल लाळेनं चिंब होता. बाईंनी तो वाळत घातला, कोरडा घेतला. पुन्हा तेल, पुन्हा बांधणं. आजारी माणसाचं करावं तसं त्या मन लावून करत होत्या. घड्याळ मात्र एकदाही थांबलं नव्हतं.

शनिवारी लॅबला सुट्टी होती. उद्या मुलगा येणार. हे असलं कुरतडलेलं त्याच्या हातात कसं द्यायचं, म्हणून निदान कडा घासून सारख्या कराव्यात, या विचारानं बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्यांदाच, मन बाजूला ठेवून, एखाद्या परक्याचं काम बघावं तशा त्या बघू लागल्या.

पट्ट्याचं टोक कोरं होतं.

बाईंनी पुन्हा पाहिलं. घड्याळ दातांनी लावायचं, तर टोक पकडावं लागतं. दोन वर्षं त्यांनी रोज पाहिलं होतं. आधी टोक, मग ओढणं. इथं टोकावर एक व्रणही नव्हता. खळगे सगळे कड्यांपाशी होते. बक्कलाच्या तोंडाशी. पट्टा बाजूनं धरून, कडीखालून उचकटून बाहेर काढायला दात जिथं लागतील, तिथं.

लावण्याचे नव्हते ते दात.

काढण्याचे होते.

भिंग टेबलावर राहिलं. बाईंसमोर शेवटची सकाळ पुन्हा आली. या वेळी नीट दिसली. साहेबांनी हात पुढे केला, तेव्हा घड्याळ हातावर होतं. लावलेलं होतं. डाव्या हातावर. चेहरा घामानं चमकत होता, आणि बाईंना तो झटापटीचा घाम वाटला होता.

नंतर डॉक्टर म्हणाले होते, झटका हृदयाचा होता. सकाळपासूनच सुरू झाला असणार. डावा हात खूप दुखला असेल. बाईंनी तेव्हा मान हलवली होती. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

त्यांना लावून नको होतं. तो पट्टा आवळत होता. सोडव, एवढंच सांगायचं होतं.

आणि त्या गेले चार-पाच दिवस तो आवळून देत होत्या. एक भोक पुढे.

"अहो," बाई म्हणाल्या.

घड्याळ त्यांनी पुन्हा खुर्चीच्या हातावर ठेवलं. बाई समोर जमिनीवर बसल्या. टोक धरून एका कडीतून काढलं. दुसऱ्या कडीतून. पट्टा मागे ओढून काटा भोकातून सोडवला.

रुमालाची गुंडाळी उलगडली नाही. आधी ती थोडी खाली दबली, जड काहीतरी टेकल्यासारखी. मग सावकाश वर आली.

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. कदाचित बाईंनीच.

घड्याळाचा सेकंदकाटा दोन-चार घरं पुढे सरकला आणि थांबला.

बाई तिथंच बसून राहिल्या. खूप रडल्या, आवाज न करता. उन्हाची तिरीप खुर्चीवरून भिंतीवर गेली. ज्याला एका हाताची मदत हवी होती, त्याला ती मिळाली होती, महिनाभर उशिरा. उशिरा का होईना, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

रविवारी मुलगा आला. आईला मिठी मारली, वडिलांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला, चहा घेतला. पट्टा बघून हसला.

"काय गं हे? नवा आणलास की उंदराकडून घेतलास?"

"तो नको लावूस. दुसरा बसवून देते. थांब थोडा."

"राहू दे गं. बाबांच्या हातावरचं वाटतंय उलट." त्यानं घड्याळ उचलून हलवलं, आणि ते पुन्हा चालू झालं. डाव्या मनगटाला बांधून त्यानं हात लांब करून पाहिला. "बघ. कसं दिसतंय?"

साहेबांसारखंच दिसत होतं. बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. साचा, खळगे, ती सकाळ. पण हा पोरगा महिन्याभरानं पहिल्यांदा हसत होता. आणि घड्याळ काल थांबलं होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर. झालं ते मिटलं. त्याला कशाला त्यात ओढायचं?

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "फार घट्ट नको बांधूस, एवढंच."

"तूसुद्धा ना, आई."

टॅक्सी खाली उभी होती. बाई खिडकीत आल्या. मुलानं बॅग मागच्या डिकीत टाकली, वर बघून हात हलवला, आत बसला. चालकानं आरसा सारखा केला. गाडी लगेच निघाली नाही. रस्त्यात एक ट्रक आडवा होता.

बाजूच्या काचेतून मुलाचं डोकं आणि हात दिसत होते. मग त्यानं मान खाली घातली. डावं मनगट छातीशी धरलं, तोंडाजवळ नेलं आणि मान हिसडली. एकदा. पुन्हा एकदा.

बाईंनी खिडकीची काच जोरानं ठोकली. खाली ट्रकचा भोंगा वाजत होता. ट्रक सरकला. टॅक्सी वळली.

त्याचा दुसरा हात मांडीवर नुसता पडलेला होता. त्या हातात काहीही नव्हतं.